मंदीत वाटलेला पैसा, मागे उरलेले कर्ज : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
देशोदेशीचे अर्थमंत्री, वित्त विभागांचे सचिव आणि अर्थसंकल्पावर मतदान करणारे सर्व लोकप्रतिनिधी यांस

विषय : मंदीच्या काळात कर्ज काढून नागरिकांना थेट रक्कम देण्याबाबत

सन्माननीय महोदय / महोदया,

अर्थव्यवस्था घसरणीला लागली की सरकारने कर्ज काढून नागरिकांच्या खात्यात थेट रक्कम जमा करावी का, हा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत अनेक देशांच्या सभागृहांत पुन्हा पुन्हा आला आणि बहुतेक वेळा घाईगर्दीतच निकाली निघाला. लोकांच्या हाती आधी पैसा पडू द्या, कर्जाचे नंतर पाहू, असे एक बाजू म्हणते. पुढच्या पिढीच्या डोक्यावर हे ओझे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे दुसरी म्हणते. मला दोन्ही बाजूंचे म्हणणे अपुरे वाटते. अशी मदत कर्ज काढूनही द्यावी, या मताचा मी आहे. पण ती कोणाला द्यायची, केव्हा सुरू करायची, कधी थांबवायची आणि त्यापोटी झालेले कर्ज कशातून फेडायचे, हे सारे मंदी येण्यापूर्वीच कायद्यात लिहून ठेवलेले असले पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे आणि त्यासाठीच हे पत्र आहे.

चर्चेला धरायला काही आकडे हवेत, म्हणून अमेरिकेपासून सुरुवात करतो, कारण तिथे हा प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला. मार्च २०२० मध्ये प्रत्येक प्रौढ व्यक्तीमागे १,२०० डॉलर आणि प्रत्येक मुलामागे ५०० डॉलर मंजूर झाले. डिसेंबर २०२० मध्ये माणशी ६०० डॉलर आणि मार्च २०२१ मध्ये १,४०० डॉलर, असे आणखी दोन हप्ते आले. एकट्या व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न ७५,००० डॉलरच्या वर गेले की रक्कम कमी होत जाई. तिन्ही हप्ते मिळून सुमारे ८१,००० कोटी डॉलर खर्ची पडले. याच सुमारास त्या देशाचे एकूण सरकारी कर्ज, जे २०२० च्या आरंभी सुमारे २३ लाख कोटी डॉलर होते, ते मार्च २०२१ मध्ये २८ लाख कोटींवर गेले आणि २०२४ संपताना ३६ लाख कोटींच्या पुढे होते. म्हणजे या पाच वर्षांत जेवढे कर्ज वाढले, त्यात नागरिकांना थेट दिलेल्या रकमांचा वाटा साधारण सोळाव्या हिश्शाइतका भरतो. कर्जाच्या डोंगराकडे बोट दाखवून 'हे सारे लोकांना पैसे वाटल्यामुळे झाले' असे जे सांगितले जाते, त्याला या हिशेबात आधार नाही.

मात्र तेवढ्यावरून ही रक्कम फुकटात पडली, असेही कोणी समजू नये. ८१,००० कोटी डॉलरवर ४ टक्के दराने व्याज धरले, तर वर्षाला सुमारे ३,२०० कोटी डॉलर होतात, आणि मुद्दल फिटेपर्यंत ते दरवर्षी द्यावे लागतात. २०१९ मध्ये ऑलिव्हिए ब्लांशार यांच्यासारख्या मान्यवर अर्थशास्त्रज्ञाने असे मांडले होते की व्याजाचा दर अर्थव्यवस्थेच्या वाढीच्या दरापेक्षा कमी राहत असेल, तर सरकारी कर्जाची किंमत समजली जाते त्यापेक्षा कमी असते. तर्क बिनचूक आहे, परंतु त्यातल्या 'राहत असेल' या अटीवर सारे काही अवलंबून आहे. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दहा वर्षांच्या रोख्यांवरचा परतावा एक टक्क्याच्याही खाली होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो पाच टक्क्यांना टेकला. शिवाय २०२० मध्ये काढलेले बरेचसे कर्ज सुरुवातीला अल्प मुदतीच्या ट्रेझरी बिलांतून उभारले गेले होते. अशी बिले काही महिन्यांत परत करावी लागतात आणि त्यांच्या जागी त्या वेळच्या दराने नवे कर्ज घ्यावे लागते, त्यामुळे स्वस्ताईचा लाभ फार काळ टिकला नाही. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेचा निव्वळ व्याजखर्च संरक्षणखर्चाच्याही वर गेला. कर्ज किती काढले एवढेच पाहून आपल्यापैकी बहुतेक जण थांबतात. ते किती मुदतीचे होते, हा प्रश्न सभागृहात क्वचितच विचारला जातो.

आता या पैशाने काय साधले, ते पाहू. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स यांच्यापासून चालत आलेला युक्तिवाद असा, की मंदीत कारखाने आणि माणसे रिकामी बसलेली असतात, तेव्हा एकाने केलेला खर्च दुसऱ्याचे उत्पन्न होतो आणि चक्र पुन्हा फिरू लागते. यावर जुन्या काळातले अर्थशास्त्रज्ञ रिकार्डो यांनी सुचवलेला आणि १९७४ मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट बॅरो यांनी नव्याने मांडलेला आक्षेप असा, की लोक शहाणे असतात. आज मिळालेला पैसा उद्या करांच्या रूपाने परत जाणार हे ओळखून ते तो बाजूला ठेवतील आणि मागणी वाढणारच नाही. दोन्ही म्हणणी कागदावर पटतात. लोक प्रत्यक्षात काय करतात, हे समजण्याची संधी अमेरिकी प्रशासनाच्या एका व्यावहारिक अडचणीतून मिळाली. २००८ मध्ये मंदीला तोंड देण्यासाठी पात्र व्यक्तीला ३०० ते ६०० डॉलर देण्याचे ठरले, पण कोट्यवधी रकमा एकाच दिवशी पाठवणे शक्य नव्हते. म्हणून सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे, म्हणजे तिथल्या सरकारी ओळख क्रमांकाचे, शेवटचे दोन अंक पाहून क्रम लावला गेला : अखेरीस ०५ असलेल्याला आधी, ९५ असलेल्याला काही आठवड्यांनी. या अंकांचा माणसाच्या श्रीमंतीशी, स्वभावाशी किंवा नोकरीशी काहीही संबंध नसतो. त्यामुळे ज्यांना पैसे आधी मिळाले आणि ज्यांना अजून मिळायचे होते, अशा अगदी सारख्या कुटुंबांच्या खर्चाची तुलना करता आली. पहिल्या अभ्यासातून असे दिसले की मिळालेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक पैसा तीन महिन्यांत खर्च झाला. पुढे झालेल्या फेरतपासण्यांत हा अंदाज बराच खाली आला, तरी तो शून्यावर आलेला नाही. सगळेच लोक बॅरो यांच्या सिद्धान्तातल्यासारखे वागत नाहीत, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

मग कोण कसे वागतो? अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क शाखेच्या, म्हणजे न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्हच्या, सर्वेक्षणानुसार २०२० च्या पहिल्या हप्त्यातले सरासरी २९ टक्के पैसे लोकांनी खर्च केले, ३६ टक्के बाजूला ठेवले आणि ३५ टक्क्यांतून जुनी देणी भागवली. हार्वर्डचे राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०२१ मध्ये लोकांच्या हाती पडलेल्या ६०० डॉलरचा माग कार्डांवरील व्यवहारांतून काढला, तेव्हा असे आढळले की वर्षाला ७८,००० डॉलरच्या वर उत्पन्न असलेल्या कुटुंबांनी त्या ६०० पैकी जेमतेम ४५ डॉलर खर्च केले, तर कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचा खर्च लगेच आणि ठळकपणे वाढला. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. सुस्थितीतल्या कुटुंबाला सरकारने कर्ज काढून रक्कम द्यायची, त्याने ती बँकेत ठेवायची आणि तोच पैसा कदाचित फिरून सरकारी रोख्यांत जायचा, या व्यवहारात मागणी वाढत नाही आणि कोणाची अडचणही दूर होत नाही. व्याजाचा भार मात्र सर्वांवर पडतो. हातावर पोट असलेल्या कुटुंबाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. त्यांनी पैसा खर्च केला काय किंवा थकलेले भाडे आणि क्रेडिट कार्डाचे देणे चुकते केले काय, दोन्हींत कर्जाचे सार्थक होते, कारण थकबाकीत सापडलेले कुटुंब पुढे वर्षानुवर्षे हात आखडून जगते आणि मंदी लांबते.

या मदतीचे मोल केवळ मागणीच्या मापाने मोजू नये, असेही मला आवर्जून सांगायचे आहे. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या पूरक दारिद्र्यमापनानुसार २०२० मध्ये एकट्या या थेट रकमांमुळे १ कोटी १७ लाख माणसे दारिद्र्यरेषेच्या वर राहिली, आणि तेही महामारीने रोजगार उद्ध्वस्त केलेल्या वर्षात. त्याच मापनानुसार मुलांमधील दारिद्र्य २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांपर्यंत खाली आले. त्यात थेट रकमांइतकाच मुलांमागे पालकांना मिळणाऱ्या वाढीव करसवलतीचाही हात होता. २०२२ मध्ये दोन्ही थांबले आणि हे प्रमाण १२.४ टक्क्यांवर गेले. एका वर्षात दुपटीहून अधिक. लहानपणी पोटाला चिमटा घेऊन वाढलेल्या मुलाचे जे नुकसान होते, ते पुढे कितीही चांगला अर्थसंकल्प मांडला तरी भरून निघत नाही, म्हणून या खर्चाची तुलना करताना कर्जाच्या बाजूला व्याज लिहावे, तसे दुसऱ्या बाजूला हेही लिहावे.

हेच समर्थन मी मार्च २०२१ च्या १,४०० डॉलरसाठी करू शकत नाही. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील बेरोजगारी १४ टक्क्यांच्या वर होती. मार्च २०२१ पर्यंत ती सुमारे ६ टक्क्यांवर आली होती, लसीकरण वेग घेत होते, आधीच्या दोन हप्त्यांतली बचत कुटुंबांच्या खात्यांत पडून होती, आणि जहाजे, चिप आणि कामगार या सगळ्यांचीच टंचाई होती. पुरवठा अडलेला असताना मागणीत भर घातली की वस्तू वाढत नाहीत, किंमती वाढतात. अमेरिकेचे माजी अर्थमंत्री लॅरी समर्स यांनी फेब्रुवारी २०२१ मध्येच ही भीती बोलून दाखवली होती. जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाईचा वार्षिक दर ९.१ टक्क्यांवर पोचला. सगळा दोष या रकमेला देणे अन्यायाचे होईल; असे सरसकट पैसे न वाटलेल्या युरो क्षेत्रातही ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई १०.६ टक्के झाली, आणि त्यामागे युद्ध व इंधनाचे भाव होते. तरीही सॅन फ्रान्सिस्को फेडरल रिझर्व्हच्या संशोधकांच्या अंदाजानुसार २०२१ च्या अखेरीस अमेरिकी महागाईत सरकारी मदतीचा वाटा सुमारे तीन टक्के बिंदूंचा असावा. महागाईचा घाव सर्वांत खोल बसतो तो रोजच्या मजुरीवर जगणाऱ्याला, म्हणजे ज्याच्या नावाने ही मदत मागितली जाते त्यालाच.

दुसऱ्या देशांनी हे कसे केले, याकडेही आपण पाहावे. ऑस्ट्रेलियाच्या वित्त खात्याचे तत्कालीन सचिव केन हेन्री यांनी २००८ मध्ये सरकारला सल्ला दिला होता : लवकर करा, भरघोस करा आणि कुटुंबांना द्या. डिसेंबर २००८ मध्येच पहिल्या रकमा निघाल्या, २००९ मध्ये ९०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतचा आणखी एक हप्ता आला, आणि त्या जागतिक संकटात सलग दोन तिमाहींची घसरण टाळू शकलेल्या मोजक्या विकसित देशांत ऑस्ट्रेलियाचा समावेश झाला. व्याजदरातली मोठी कपात आणि खनिजांची मागणी यांचाही त्यात हात होता, पण मुळात हे धाडस करता आले ते आधीची सरकारी कर्जे जवळपास फेडलेली असल्यामुळे. सिंगापूर आणि हाँगकाँग यांनी २०२० मध्ये नागरिकांना रकमा दिल्या त्या चांगल्या वर्षांत साठवलेल्या गंगाजळीच्या बळावर. दक्षिण कोरियाने मे २०२० मध्ये दिलेली मदत ऑगस्टअखेरपर्यंत खर्च करण्याची अट घालून दिली. जपानने आधी उत्पन्न घटलेल्या कुटुंबांनाच ३ लाख येन द्यायचे ठरवले होते. नंतर माघार घेऊन प्रत्येक रहिवाशाला सरसकट १ लाख येन दिले, आणि तेही देशाचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक असताना. माझ्या मते पहिली योजना हेतूने योग्य होती. ती सोडावी लागली, कारण कोणाचे उत्पन्न किती घटले हे झटपट ठरवण्याची यंत्रणाच हाताशी नव्हती.

भारताचा अनुभव वेगळ्या कारणाने विचार करायला लावतो. मार्च २०२० मध्ये सुमारे २० कोटी महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा ५०० रुपये देण्याची घोषणा झाली, मोफत धान्य दिले गेले, आणि पुढच्या मोठ्या पॅकेजचा बराच भाग कर्जे, पतहमी आणि रोखतेच्या उपायांचा होता. रोख रकमेत एवढा हात आखडता घेऊनही केंद्र आणि राज्ये यांचे एकत्रित कर्ज २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या आसपास गेले. महसूल घटला आणि उत्पन्न स्वतःच सुमारे ६ टक्क्यांनी आकसले, म्हणजे ज्याने भागायचे तो आकडाच लहान झाला. पैसे न दिल्याने कर्ज टळते, हे गृहीतक इथे टिकत नाही. दिलेली रक्कम मला फारच तोकडी वाटते, विशेषतः खाती उघडलेली होती आणि पैसा पोचवण्याची वाट तयार होती, हे लक्षात घेता.

ही वाट तयार असणे किती महत्त्वाचे आहे, हे श्रीमंत देशातही दिसले. अमेरिकेत मे २०२० मध्ये सुमारे ४० लाख लोकांना रक्कम प्रीपेड कार्डावर पाठवली गेली. कार्ड ज्या पाकिटातून आले ते साधे होते, त्यावर सरकारी खात्याची ओळखीची खूण नव्हती, पाठवणाऱ्याचे नाव अनोळखी कंपनीसारखे होते; अनेकांनी ते जाहिरातीचे टपाल समजून फाडून टाकले. दुसरीकडे सुमारे ११ लाख मृत व्यक्तींच्या नावे जवळजवळ १४० कोटी डॉलर निघाले, असे तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाला आढळले. कागदी धनादेशांवर राष्ट्राध्यक्षांचे नाव छापण्यासाठी मात्र वेळ काढला गेला. जनतेच्या कर्जातून दिलेल्या पैशावर सत्ताधाऱ्याचे नाव असू नये, असे मला मनापासून वाटते. त्याने मदतीला उपकाराचे रूप येते आणि पुढचा हप्ता निवडणुकीच्या तारखेशी बांधला जातो.

म्हणून माझी विनंती आहे की तहान लागल्यावर विहीर खणायला घेऊ नये. बेरोजगारी कमी आहे अशा काळातच या विषयावरचा कायदा सभागृहात आणावा. मदत केव्हा सुरू व्हावी, याचा निकष त्यात आकड्यांत लिहिलेला असावा. अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया साम यांनी २०१९ मध्ये असा निकष सुचवला आहे : बेरोजगारीची तीन महिन्यांची सरासरी मागील बारा महिन्यांतल्या नीचांकापेक्षा अर्धा टक्का बिंदू किंवा अधिक वर गेली, की रकमा आपोआप निघाव्यात. हा निकष निर्दोष नाही. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत तो पूर्ण झाला, पण मंदी आली नाही. त्यामुळे एकूण रोजगारातील घट यासारखी दुसरी खूण त्याला जोडावी, आणि जिथे बहुतांश लोक असंघटित क्षेत्रात काम करतात व बेरोजगारीचे मासिक आकडे विश्वासार्ह नाहीत, तिथे स्थानिक परिस्थितीला लागू पडेल असा वेगळा मापदंड तज्ज्ञांकडून आताच ठरवून घ्यावा. सुरू करण्याइतकाच थांबवण्याचा निकषही पक्का असावा. पहिला हप्ता लोकप्रिय झाला म्हणून दुसरा आणि दुसरा झाला म्हणून तिसरा, असे होता कामा नये.

कोणाला द्यायचे, या प्रश्नावर मला एक मार्ग व्यवहार्य वाटतो. संकटाच्या पहिल्या आठवड्यांत चाळण लावत बसले तर मदत उशिरा पोचते, म्हणून पहिली रक्कम व्यापक प्रमाणात द्यावी, पण ती करपात्र उत्पन्न धरावी आणि ठरावीक उत्पन्नाच्या वरच्यांकडून पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रात पूर्ण वसूल करावी. अमेरिकेने या रकमा करमुक्त ठेवल्या आणि ही संधी गमावली. दुसऱ्या हप्त्यापासून मात्र यादी अरुंद करावी, आणि त्यासाठी खात्यांची, पत्त्यांची आणि मृत्यूंची नोंद दरवर्षी अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी एका यंत्रणेवर टाकावी.

कर्जाबाबत कायद्यात दोन कलमे असावीत. पहिले असे, की या मदतीसाठी काढायचे कर्ज शक्यतो दीर्घ मुदतीचे असेल, म्हणजे व्याजदर वाढले तरी त्याचा झटका लगेच बसणार नाही. दुसरे असे, की बेरोजगारी पूर्वपदावर येऊन ठरावीक काळ लोटला की उच्च उत्पन्नावर एक मुदतबंद अधिभार आपोआप लागू होईल आणि त्याचे उत्पन्न केवळ हे कर्ज फेडण्यासाठीच वापरले जाईल. या दुसऱ्या कलमाला सर्वाधिक विरोध होईल, याची मला कल्पना आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी मंदीत तूट वाढवण्याचा केन्स यांचा सल्ला मानला आणि तेजीत ती भरून काढण्याचा भाग टाळला; हे कलम नसेल तर पुढच्या संकटात कर्ज काढायला जागाच उरणार नाही. जे देश परकीय चलनात कर्ज काढतात त्यांच्याकडे ही जागा आधीच थोडी असते, त्यांनी तर ऑस्ट्रेलियाप्रमाणे आधी कर्ज उतरवण्याला किंवा सिंगापूरप्रमाणे गंगाजळी साठवण्याला प्राधान्य द्यावे.

आपल्या सरकारने यापूर्वी अशी मदत दिली असेल, तर ती कोणापर्यंत पोचली, किती खर्च झाली आणि तिच्यापोटी आजवर किती व्याज भरले, याचा स्वतंत्र अहवाल सभागृहापुढे ठेवावा. पुढच्या वेळी रकमा टप्प्याटप्प्याने द्यायची वेळ आली, तर क्रम २००८ प्रमाणे यदृच्छेने लावावा, म्हणजे परिणाम मोजता येईल. आणि येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात या कायद्याचा मसुदा जनतेच्या हरकतींसाठी प्रसिद्ध करावा, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक करदाता